आईंचं पान दुरुस्त करताना

"आमच्याकडं तर बराबर दिसून राह्यलं, मॅडम."

माझ्या कामात हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. जालन्यात बियाणांच्या कंपन्या आहेत, कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत, आणि आता सगळ्यांना वेबसाइट हवी असते. मराठीत हवी, हिंदीत हवी, इंग्रजीत तर हवीच, कुणाला उर्दूतही हवी. मग कुणीतरी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून आणतो, कुणाचा तरी भाचा तो वेबसाइटवर चढवतो, आणि जगाला तिथे परदेशी अक्षरांचा कचरा दिसतो. मालकाच्या कॉम्प्युटरवर मात्र तोच जुना फॉन्ट बसवलेला असतो, म्हणून त्याला सगळं छान दिसतं. मी फोन केला की तो मला समजावतो, मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. मी चिडते. माझा स्वभाव आधीच तिखट, त्यात असली माणसं रोज भेटतात.

माझं काम हे असं. बिघडलेली अक्षरं पुन्हा वाचता येतील अशी करायची. पाहुण्यांना हे सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे टायपिंग का?" मी हो म्हणते आणि चहा टाकायला जाते.

सासूबाईंनी मात्र हे काम बरोबर ओळखलं होतं. मी त्यांना आई म्हणते. लग्न होऊन मी टेंभुर्णीहून जालन्याला आले तेव्हा त्या अजून नोकरीत होत्या. अंबड तालुक्यात, शहागडच्या बाजूच्या खेड्यांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. आरोग्य उपकेंद्रातली नर्स म्हणजे तिकडे 'शिस्टर'. बाळंतपणं, लशी, साप चावलेली माणसं, दारू प्यायलेले नवरे, सगळं त्यांनी बघितलेलं. एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला विचारलं, दिवसभर तू त्या खोलीत नेमकं करतेस काय? मी म्हटलं, कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचे तक्ते असतात. एका तक्त्यानं लिहिलं आणि दुसऱ्या तक्त्यानं वाचलं की घोटाळा होतो. डब्यावर चिठ्ठी साखरेची आणि आत मीठ, तसं. चहा बिघडला तरी मिठाला काही झालेलं नसतं.

आई म्हणाल्या, "म्हंजी पेशंट शाबूत हाय. केसपेपर तेवढा दुसऱ्याचा लागलाय."

इतकं नेमकं मला माझ्या कोर्सच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी माझ्याकडे हे काम शिकायला येणाऱ्या पोरींना केसपेपरचंच उदाहरण देते.

त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी आधीच सांगून टाकते. सून दिवसभर दार लावून कॉम्प्युटरपुढे बसते, कानाला हेडफोन लावून परक्या माणसांशी बोलते, हे आमच्या नातेवाइकांना पचत नव्हतं. कुणी भेटायला आलं आणि मी बाहेर आले नाही की कुजबुज व्हायची. आई पाहुण्यांना दारातच सांगायच्या, "सूनबाई ड्यूटीवर हाय. मंग भेटंल." मी भिंतीपलीकडे असायचे, पाहुण्याला माझा आवाज ऐकू यायचा, पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. माझी मुलगी लहान होती तेव्हा आईंनी निवृत्तीनंतर मिळणारं नर्सिंग होमचं काम नाकारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला? तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी न्हाई. मला आता बाळंतिणीचे पाय चेपायचा कंटाळा आला." तो खोटेपणा मला तेव्हाही कळला होता. मी आभार मानले नाहीत, कारण आमच्या घरात आभार मानले की माणूस आजारी आहे का असं विचारतात.

दोन वर्षांपूर्वी आईंना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. हात हळूहळू थोडा परत आला. बोलण्यातला एकच शब्द परत आला.

बराबर.

भूक लागली तरी बराबर. पोट दुखलं तरी बराबर. नको म्हणायचं असलं तरी बराबर, आणि नको हे दाखवायला मग डावा हात हलवायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर सरपंचापासून भगतापर्यंत सगळ्यांना दोन शब्दांत गप्प केलं, तिच्या तोंडात हा एकच होयबा शब्द उरला होता. त्या स्वतःही वैतागायच्या. सांगायचं असायचं एक, तोंडातून निघायचं बराबर, आणि मग डोळ्यांत पाणी यायचं. माझा नवरा आईसमोर हसून बोलायचा आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा.

संभाजीनगरच्या स्पीच थेरपीवाल्या मॅडम फार चांगल्या भेटल्या, त्यांचेही उपकार आहेतच. त्या म्हणाल्या, यांना रोज ऐकवा. जे यांच्या जिभेवर वर्षानुवर्षं होतं ते ऐकवा. भजन, आरती, लहानपणीच्या कविता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आईंना भजनाचं वावडं. आरतीला त्या टाळ्या वाजवायच्या आणि नजर घड्याळाकडे असायची. कविता विचाराल तर लशींचं वेळापत्रक. मॅडम म्हणाल्या, मग त्यांनी स्वतः काही लिहिलंय का?

लिहिलं होतं. एक पान.

निवृत्तीनंतर एका छोट्या संस्थेनं आईंना बाळंतिणींसाठी माहिती लिहायला सांगितली होती. संस्थेची वेबसाइट होती, त्यावर ते पान जायचं होतं, मराठीत आणि उर्दूत. उर्दूचं काम आईंच्या मैत्रिणीनं केलं. त्या उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना आपा म्हणतात. पान आमच्याच घरात तयार झालं. आई पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या, मोठ्यानं वाचायच्या, आणि आपा समोर बसून उजवीकडून डावीकडे उतरवून घ्यायच्या. संस्थेतल्या एका कार्यकर्त्यानं मराठी वाचून नम्रपणे सुचवलं होतं की भाषा जरा शुद्ध करू या. आईंनी विचारलं, "वाचायचं कुणी? तुम्ही बाळंत होनार का?" भाषा आहे तशी राहिली.

टाइप केलेलं मी तपासलं, पान चढवलं, आणि विसरले. आपल्या घरातली गोष्ट कुठे जाते, असं वाटतं.

मॅडमकडून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पान उघडलं. समोर कचरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेले a, त्यांना चिकटलेली पौंडाची चिन्हं, अपूर्णांक. संस्थेनं मधल्या काळात वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली होती, आणि हलवताना आईंच्या पानाला भलत्याच तक्त्याची चिठ्ठी लागली होती. मी जिथे तिथे दुसऱ्यांना या गोष्टीवरून बोल लावत फिरत होते आणि माझ्याच सासूचं पान कित्येक महिने तसं पडून होतं. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

संस्थेत फोन केला. तिथले गृहस्थ मनाने फार चांगले. म्हणाले, "ताई, पान बिघडलेलं मला दिसलं होतं. मी दुरुस्त करायचा प्रयत्न केला ना!"

बिघडलेलं पान नुसतं पडून राहिलं तर बरं असतं. चांगल्या मनाच्या माणसानं त्याला हात लावला की आगीतून फुफाट्यात.

माझ्या कामाचा पहिला नियम असा की बिघडलेल्या फाइलची आधी जशीच्या तशी नक्कल काढायची आणि मूळ फाइलवर 'सेव्ह' दाबायचं नाही. काही करायचं ते नकलेवर. मी नक्कल मागवली आणि कामाला बसले. दार लावलं. बाहेर आई दिवाणावर बसल्या होत्या. कुणी आलं तर ड्यूटीवर आहे म्हणून सांगणारं आता कुणी नव्हतं, म्हणून मी मोबाइल बंद केला.

पहिल्या प्रयत्नात कचऱ्यातून दुसरा कचरा निघाला. मग लक्षात आलं, चूक दोनदा झालीय. सर्व्हर बदलताना एकदा, आणि त्या गृहस्थांच्या दुरुस्तीत दुसऱ्यांदा. साखरेच्या चिठ्ठीवर त्यांनी हळदीची चिठ्ठी चिकटवली होती. म्हणजे आधी वरची काढायची, मग खालची. उलट्या क्रमानं दोन्ही पावलं मागे घेतली, आणि स्क्रीनवर मराठी उगवली. मी खुर्चीत मागे टेकून बसले. मला वाटतं मी देवाला हात जोडले, जे मी एरवी सणावारीच जोडते.

ती मराठी पूर्ण नव्हती. त्या जुन्या परदेशी तक्त्यात काही घरं रिकामीच आहेत, आणि दोन वेळच्या प्रवासात आपली काही अक्षरं नेमकी त्या घरांत पडून हरवतात. र्‍हस्व उकार गेला. ए गेला. झ गेला, त्यामुळे 'झोप'चा नुसता 'ओप' राहिल्यासारखा दिसायचा. सगळी जोडाक्षरं सुटी झाली. यावर कुठलंही यंत्र चालत नाही, माणसानं ओळ न् ओळ वाचून हाताने भरावं लागतं. एरवी हे काम मी शिव्या घालत करते. त्या आठवड्यात मी ते मुद्दाम सावकाश केलं.

कारण एकेक अक्षर बसवताना आई बोलत होत्या.

'पहिलं दूध पिवळं असतं. ते फेकू नका. ते बाळाच्या हक्काचं हाय.'

'बाजेखाली शेगडी ठेवायची असंल तर खिडकी उघडी ठेवा. धूर दिसत न्हाई म्हणजी धूर न्हाई असं न्हाई.'

'बाळाच्या नाकाकानात तेल घालू देऊ नका. आंघोळ घालणारी कितीबी जुनी असंल. तिला राग आला तर माझं नाव सांगा.'

'ताप आला तर अंगारा लावा, माझं काही म्हणनं न्हाई. लावून झाला की जल्दी दवाखान्यात या.'

पानभर हेच. सासूनं नको म्हटलं तर माझं नाव सांगा. नवऱ्यानं गाडी काढली न्हाई तर माझं नाव सांगा. मी एकटीच हसत होते. बाहेरून मध्येच बराबर ऐकू यायचं, आई टीव्हीला उत्तर देत असायच्या, आणि माझं हसू अर्ध्यावर मोडायचं.

घरी येणारे लोक म्हणू लागले, बघा, कसा योगायोग, तिकडं त्यांचं बोलणं बिघडलं आणि इकडं त्यांचं पान. मला याचा राग यायचा. पान बिघडलं तेव्हा आतले आकडे शाबूत होते, मला ते माहीत होतं, म्हणून मी निवांत काम करत होते. आईंच्या आत काय शाबूत आहे हे कोण सांगणार? डॉक्टर म्हणत होते, वाट पाहा. आमच्या धंद्यात बिघाडाचे दोन प्रकार असतात. एकात अक्षरं विचित्र दिसतात, पण माल आत असतो, तो परत येतो. दुसऱ्यात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. तिथे कॉम्प्युटरनं अक्षर न ओळखून ते टाकून दिलेलं असतं आणि जागेवर प्रश्नचिन्ह ठेवलेलं असतं. तिथून काहीच परत येत नाही. आईंचं यातलं कोणतं, एवढाच प्रश्न मला होता, आणि तो मी नवऱ्यालाही विचारला नाही.

पानाच्या शेवटी मला ती प्रश्नचिन्हं भेटलीच.

शेवटचा परिच्छेद पूर्ण गेला होता. ओळीमागून ओळ प्रश्नचिन्हांची, मध्ये मध्ये जागा, कुठे पूर्णविराम. त्या चांगल्या गृहस्थांनी तेवढा भाग वेगळा काढून कुठल्याशा जुन्या प्रोग्राममध्ये उघडला होता आणि वर सेव्हही दाबलं होतं. मी त्यांना फोनवर फार बोलले. ते बिचारे "चुकलं ताई" म्हणत राहिले. मग मी सगळीकडे शोधलं. संस्थेकडे जुनी नक्कल नव्हती. माझ्याकडची फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली होती. टाइप करणाऱ्यानं कॉम्प्युटर भंगारात दिला होता. पाठकोरे कागद आईंनीच रद्दीत घातले होते, लिहून झालं की कागद कशाला ठेवायचा म्हणून. त्या परिच्छेदात काय होतं तेही मला धड आठवेना. बाळाच्या रडण्याबद्दल काहीतरी होतं.

उर्दू पान तेवढं वेगळ्या फाइलमध्ये होतं. त्या गृहस्थांना उर्दू वाचता येत नव्हतं म्हणून ते वाचलं. त्यालाही चुकीची चिठ्ठी लागलेली होती, पण एकदाच. मी ती बदलली आणि लॅपटॉप घेऊन आपांकडे गेले.

आपांनी चष्मा लावला, स्क्रीन हातभर लांब धरली आणि पहिल्यांदा मलाच झापलं. "ये क्या करके रखे बेटी? जुमला इधर खतम होरा, और टिपका उधर कू जाके बैठा!" ओळ उजवीकडून सुरू होते हे त्या पानाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे वाक्याच्या शेवटचं चिन्ह भलत्या टोकाला गेलं होतं. मी तिथेच बसून ते सरळ केलं. गळालेली अक्षरं आपांनी एकेक करून सांगितली. मधेच त्यांच्या सुनेनं शीरखुर्मा आणून ठेवला, नको म्हणायची सोय नव्हती.

शेवटच्या परिच्छेदाशी आपा थांबल्या. आधी मनात वाचला, मग मला सांगितला. "बच्चा रोया तो पैले गोद में लेव. पूछताछ बाद में करो. भूक है, गीला है, पेट फूला है, सब बाद में. और माँ रोती होगी तो उस कू भी कोई तो भी संभालो."

मी लिहून घेत होते. आपांनी माझा हात धरला. "देख बेटी, मतलब सिस्टर का है. अल्फाज मेरे हैं. उनके अल्फाज मेरे पास नै."

शब्द नाहीत तरी अर्थ मिळाला, यासाठीच मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. पण घरी येऊन मराठीत लिहायला बसले तर हात चालेना. हरवलेल्या जागी आपलं वाक्य घालायचं नाही, हा माझा दुसरा नियम. आणि लिहू तरी कसं? ज्यांचं बोलणं गेलंय त्यांच्याऐवजी आपणच बोलायचं, हे मला नकोसं झालं. नवरा म्हणाला, "दे इकडं. माझी आई आहे, मी लिहितो."

माझा नवरा सरकारी कचेरीत आहे. माणूस सोन्यासारखा, पण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापासून टिपण्या लिहून लिहून त्याच्या हाताला जी सवय लागलीय ती काही सुटत नाही. किराणा आणायची चिठ्ठी लिहिली तरी खाली सही करून तारीख टाकतो. त्यानं तासभर बसून, डोळे पुसत पुसत, परिच्छेद लिहिला. मी वाचला. तो इतक्या मायेनं माझ्याकडे बघत होता की मी म्हटलं, छान झालंय. आणि टाइप केला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही आईंना दिवाणावर टेकवून बसवलं. स्टुलावर लॅपटॉप, अक्षरं मोठी केलेली. मुलगी त्यांच्या पायाशी बसली. मी वाचायला लागले.

पहिलं दूध पिवळं असतं. आईंनी मान वर केली. ते फेकू नका. "बराबर," आई म्हणाल्या. बाजेखाली शेगडी. "बराबर." त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आवाज नव्हता, पण हलत होते. तिला राग आला तर माझं नाव सांगा, हे आलं तेव्हा त्या हसल्या. झटक्यानंतर अर्धाच चेहरा हसायचा, पण हसल्या. प्रत्येक ओळीला बराबर, बराबर. मला वाटत होतं हे पान कधी संपूच नये. पण ते शेवटाशी आलं, आणि मी नवऱ्याचा परिच्छेद वाचला.

"सदर बालक रडत असल्यास प्रथमतः त्यास उचलून घ्यावे. तद्नंतर रडण्याच्या कारणांची शहानिशा करावी. तसेच मातेच्या मनःस्थितीबाबत कुटुंबीयांनी योग्य ती दक्षता घ्यावी."

मी वाट बघितली. बराबर आलं नाही. आईंनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं, अगदी तशी नजर, जशी त्या दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांकडे टाकत असतील. त्यांच्या गळ्याची शीर ताणली. डावा हात वर आला.

"न्हाई," आई म्हणाल्या.

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"हे… माझं… न्हाई."

माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. नवरा एकदम हसायला लागला, मग उठून गॅलरीत गेला, आणि तिथून त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला. आत माल होता. जो शब्द झटक्यानंतर कुणी ऐकला नव्हता तो शाबूत होता, त्याच्यामागे अख्खं वाक्य उभं होतं, आणि शुद्ध मराठीबद्दलचा रागही जसाच्या तसा. आपल्या पोरानं लिहिलेलं वाईट मराठी ऐकून एखादी बाई बोलायला लागेल, हे कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नसतं. मी आजही त्या 'सदर बालका'चे आभार मानते, आणि नवरा म्हणतो की त्याच्या आयुष्यातली तेवढीच एक टिपणी कामाला आली.

तो आत आला आणि आईपुढे खाली बसला. "मंग तू सांग ना, आई. तुझं काय होतं ते तूच सांग."

ते काही त्या दिवशी झालं नाही. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी पुन्हा बराबर सुरू झालं, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. पण मॅडमनी सांगितलं, ही वाट सापडलीय, ती सोडू नका. मग मी रोज दुपारी काम थांबवून पान घेऊन बसू लागले. वरचं सगळं वाचायचं आणि शेवटच्या परिच्छेदाशी थांबायचं. तिथे मी नवऱ्याचं पुसून पांढरी जागा ठेवली होती. आई त्या जागेकडे बघत बसायच्या. कधी एक शब्द यायचा, कधी भलताच यायचा आणि त्या स्वतःच 'न्हाई' म्हणून तो खोडायच्या. न्हाई म्हणायची त्यांना फार हौस आली होती. भाजीला न्हाई, गोळीला न्हाई, पाहुण्यांना न्हाई. मला ते गाण्यासारखं वाटायचं.

होळीच्या सुमाराला एका दुपारी त्यांनी सुरुवात केली.

"बाळ… रडलं."

मी टाइप केलं. बाळ रडलं.

"घ्या." बराच वेळ गेला. "आधी घ्या."

मी तेही लिहिलं.

"मंग… बघा."

आपांनी सांगितलं होतं तोच अर्थ. तोच क्रम. भूक, ओलं, पोट हे सगळं त्या 'बघा'मध्ये बसवून टाकलेलं. पूर्वी त्यांनी हे नक्कीच लांब लिहिलं असणार, पण मला वाटलं नाही की यात काही कमी आहे. मला पुढची अक्षरं दिसेनात. मी पदर डोळ्यांना लावला, की-बोर्डवरून हात काढला, आणि इतक्या वर्षांत जे आभार कधी मानले नव्हते ते सगळे एकदम बाहेर आले. मी त्यांच्या सुनेसारखी नाही, लहान पोरीसारखी रडले.

आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी डाव्या हातानं माझा खांदा धरला आणि ओढला. जोर नव्हता, मीच सरकले. त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर दाबलं.

"बाई रडली," आई म्हणाल्या, आणि शब्द शोधत थांबल्या. "तिला बी… घ्या."

मी तशीच पडून विचारलं, "आई, हेपण पानावर लिहू?"

"लिव्ह," त्या म्हणाल्या.